मज्जातंतुजन्य नासाशोथ

मज्जातंतुजन्य नासाशोथ म्हणजे नाकातील मज्जातंतूंनी सोडलेल्या संदेशवाहक रेणूंमुळे नाकाच्या अस्तराचा होणारा दाह. दीर्घकाळ टिकणाऱ्या सर्दीमागे प्रत्येक वेळी ॲलर्जी किंवा जंतुसंसर्गच असतो असे नाही. काही रुग्णांत मज्जातंतूंची अतिसंवेदनशीलता हे प्रमुख कारण असते.

यंत्रणा

नाकातील जळजळ व वेदना यांची जाणीव त्रिमूल मज्जातंतू मेंदूकडे पोहोचवतो. त्याच्या सूक्ष्म तंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ हा ग्राही असतो. तो उद्दीपित झाल्यावर मेंदूकडे संदेश जातो. शिवाय त्याच टोकांतून सबस्टन्स पी व सीजीआरपी ही पेप्टाइडे भोवतालच्या ऊतींत मिसळतात. सबस्टन्स पीमुळे रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो व श्लेष्मा वाढतो. सीजीआरपीमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात. परिणामी नाक चोंदते. मेंदूकडून परतणाऱ्या प्रतिक्षिप्त संदेशामुळे ग्रंथींजवळ ॲसिटिलकोलीन स्रवते व नाक वाहू लागते. ॲलर्जीत निर्माण होणारे हिस्टामीनही या तंतूंना चेतवते. त्यामुळे एकाच रुग्णात दोन्ही प्रक्रिया आढळू शकतात.

मिरचीचे उदाहरण

नागपूरचा सावजी रस्सा खाताना नाक वाहते, ते याच मज्जातंतूंमुळे. नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. मिरचीतील कॅप्सायसिन टीआरपीव्ही-१ ग्राहीला थेट उद्दीपित करते. निरोगी व्यक्तीत हा परिणाम जेवणानंतर लवकरच ओसरतो. मज्जातंतू अतिसंवेदनशील झालेल्या रुग्णात मात्र धूर, उग्र वास किंवा थंड हवा एवढेही निमित्त पुरते.

संशोधन

सबस्टन्स पीचा शोध उल्फ फॉन ऑयलर व जॉन गॅडम यांनी १९३१ मध्ये लावला. त्यातील ११ ॲमिनो आम्लांचा क्रम १९७१ मध्ये निश्चित झाला. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने कॅप्सायसिनच्या साहाय्याने १९९७ मध्ये टीआरपीव्ही-१ ओळखला. ज्युलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निदान व उपचार

ॲलर्जीच्या चाचण्या नकारात्मक येऊनही लक्षणे टिकून राहिल्यास या प्रकाराचा विचार केला जातो. हिस्टामीनरोधक गोळ्या केवळ हिस्टामीनचे कार्य अडवतात. म्हणून येथे त्यांचा उपयोग अनेकदा मर्यादित ठरतो. पाण्यासारख्या स्रावावर ॲसिटिलकोलीनरोधक इप्राट्रोपियमचा फवारा वापरतात. कॅप्सायसिनचे मोजके डोस पुनःपुन्हा दिल्यास तेच मज्जातंतू दीर्घकाळ प्रतिसादहीन होतात. हा उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच केला जातो. घरी नाकात मिरचीपूड घालणे अपायकारक आहे. चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब दीर्घकाळ वापरल्यास नाक अधिकच चोंदते.