रिमोटमधला छोटासा बटण सेल लहान मुलांसाठी इतका धोकादायक का? जाणून घ्या

गाडीची रिमोट चावी, छोटे रिमोट, डिजिटल वजनकाटा, दिवाळीतले एलईडी दिवे... या सगळ्यांत एक चपटा, चकचकीत सेल असतो. घरात लहान भाचा-पुतणी असेल, तर हे नक्की वाचा.

सीआर २०३२ म्हणजे काय?

हा सेलचा आकारच आहे. 'सी' म्हणजे लिथियम प्रकारचा, 'आर' म्हणजे गोल, २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड. व्होल्टेज ३. याच रुंदीमुळे तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकू शकतो.

अडकल्यावर काय होतं?

बऱ्याच जणांना वाटतं, सेल फुटून आतलं केमिकल बाहेर येतं. पण खरा धोका वेगळाच आहे. अन्ननलिका ओली असते, त्यामुळे सर्किट पूर्ण होतं आणि करंट वाहू लागतो. मग मायनस बाजूला तीव्र क्षार तयार होतो आणि तो आतली त्वचा जाळतो. अवघ्या २ तासांत गंभीर जखम होऊ शकते. रिमोट चालत नाही म्हणून काढलेल्या 'संपलेल्या' सेलमध्येही एवढा करंट शिल्लक असतो, बरं का!

ओळखायचं कसं?

लाळ गळणं, खायला नकार, खोकला, उलटी. कधी कधी काहीच लक्षण दिसत नाही. एक्स-रेमध्ये सेल नाण्यासारखा दिसतो, पण कडेला दुहेरी रिंग असते. डॉक्टर त्यावरून फरक ओळखतात.

सेल काढला की संपलं?

नाही. दुर्बिणीने सेल काढल्यावरही जखम काही दिवस खोल जाऊ शकते. क्वचित अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडतं, नळी आकसते किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा होऊन जिवावर बेततं. अशा वेळी मुलांच्या सर्जनना मोठं ऑपरेशन करावं लागू शकतं.

लगेच काय कराल?

- थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या. महाराष्ट्रात १०८ वर ॲम्ब्युलन्स मिळते.
- उलटी करायला लावू नका. खायला-प्यायला देऊ नका.
- अपवाद फक्त मधाचा: मूल १ वर्षापेक्षा मोठं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी २ चमचे मध, जास्तीत जास्त ६ वेळा. मध शोधण्यात वेळ घालवू नका.
- सेलचं पाकीट किंवा ते गॅजेट सोबत घ्या.

आजच करा

अमेरिकेत २०२२ मध्ये 'रीसेस लॉ' आला. दीड वर्षाच्या रीस नावाच्या मुलीचा असाच सेल गिळल्याने मृत्यू झाला होता. या कायद्यानुसार सेलचं झाकण मुलांना सहज उघडता येणार नाही असं हवं. आपल्या घरी स्क्रूवालं झाकण असलेलीच वस्तू घ्या, सैल झाकणाला चिकटपट्टी लावा आणि जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी टेप लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

ही माहिती फॅमिली ग्रुपवर नक्की शेअर करा!