झाड धातू उचलते, पण संपवत नाही

खानदेशात युरेनियमची खाण नाही. धुळे-जळगावच्या काळ्या जमिनीखालचा बेसॉल्ट खडक युरेनियम आणि थोरियमच्या बाबतीत तसा दरिद्रीच. तरीही हा विषय आपल्याला परका नाही. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जळतो, तेव्हा त्यातील किरणोत्सारी धातूंचा अत्यल्प अंश मुख्यतः राखेत उरतो आणि कोळशाच्या तुलनेत अधिक दाट होतो. राखेचा किरणोत्सार सहसा साध्या मातीहून फार वेगळा नसतो. युरेनियम खाणींच्या गाळात मात्र तो कितीतरी अधिक असतो. अशा दोन्ही जागांवर झाडे लावण्याचा उपाय सुचवला जातो. ती झाडे या धातूंचे नेमके काय करतात?

मुळांना किरणोत्सार ओळखता येत नाही. त्यांना कळतो तो रासायनिक स्वभाव. जळगावची केळीच पाहा. ती जमिनीतून भरपूर पोटॅशियम घेते. निसर्गातील पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सारी पोटॅशियम-४० चा असतो आणि केळी तोही निवडून बाजूला काढत नाही. (केळे खाण्यात त्यामुळे धोका नाही, शरीर पोटॅशियमचे प्रमाण स्वतःच राखते.) याच न्यायाने सीझियम पोटॅशियमच्या, तर रेडियम कॅल्शियमच्या वाटेने झाडात शिरते. युरेनियमचा मोठा भाग मात्र मुळांतच अडकून राहतो.

पुढचा प्रवास अधिक महत्त्वाचा आहे. पाण्याबरोबर पानांपर्यंत पोहोचलेले कॅल्शियम झाड पानगळीपूर्वी परत घेऊ शकत नाही. त्याच्या सोबतीचे रेडियमही पानातच राहते. पान गळते, कुजते आणि खोल थरातून वर आलेला धातू जमिनीच्या पृष्ठभागावर जमा होतो. तेथून मुळे तो पुन्हा उचलतात. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तिथल्या जंगलांत सीझियमचे असेच चक्र दिसून आले. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. इतक्या काळात झाडांच्या कित्येक पिढ्या होऊन जातील!

म्हणूनच हिरवळ म्हणजे शुद्धी नव्हे. झाडे धूळ दाबतात, माती धरून ठेवतात आणि जमिनीत मुरणारे पाणी कमी करतात. हे त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु झारखंडमधील जादूगोडा येथे १९६७ पासून युरेनियमचे उत्खनन झाले, तशा ठिकाणच्या गाळावर प्रथम स्वच्छ मातीचा पुरेसा जाड थर हवा आणि तो थर भेदून खाली जाणार नाहीत अशी उथळ मुळांची झाडे-झुडपे हवीत. फळझाडे आणि चाऱ्याची झाडे तेथे नकोत, कारण तेथून धातूंना ताटापर्यंतची वाट मिळते. सरपणही नको, लाकूड जळाले तरी धातू जळत नाही, तो चुलीच्या राखेत उरतो.

दीपनगरच्या राखेला हे सारे निकष तितक्याच कठोरपणे लागू होत नाहीत. मात्र राखेवर वृक्षारोपण झाले की रोपांची संख्या मोजून आपण थांबतो. कोणते झाड लावले, त्याचा पाला कोठे जातो आणि त्या पाल्याची तपासणी कोण करते, हे प्रश्नही त्याच वेळी विचारायला हवेत.