पंधरा दिवसांची नोटीस आणि सर्व्हरची मेमरी

अकोट किंवा मोर्शी तालुक्यातील शेताचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेल्यानंतर ते सातबाऱ्यावर येईपर्यंत बऱ्याच टप्प्यांतून जाते. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हटले जाते, ई-फेरफार प्रणालीत नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या आणि मध्येच दीर्घकाळ खोळंबणाऱ्या अशा कामाला संगणकाच्या परिभाषेत वर्कफ्लो म्हणतात, तर अशी हजारो कामे कुठवर आली आहेत हे ध्यानात ठेवून ती वेळेवर पुढे सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरला वर्कफ्लो सर्व्हर. उबर कंपनीत घडलेल्या ‘कॅडेन्स’मधून 2019 मध्ये वेगळे झालेले ‘टेम्पोरल’ हे त्यांपैकी एक बहुचर्चित मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. ई-फेरफार त्यावरच चालते असे येथे सुचवायचे नाही; कामाची जात तीच आहे, इतकेच.

अशा सर्व्हरमध्ये प्रत्येक टप्प्याची पक्की नोंद डेटाबेसमध्ये होते, आणि हाताळत असलेल्या कामांची ताजी स्थिती मेमरीतही ठेवली जाते; या जागेला कॅश मेमरी म्हणतात. टेबलावर काढून ठेवलेल्या फाइली आणि रेकॉर्ड रूममधील दप्तर यांच्यात जे नाते असते, तेच येथे आहे. कॅश भरली की बराच काळ हात न लागलेली स्थिती बाहेर काढली जाते. त्यामुळे माहिती हरवत नाही, फक्त पुढच्या वेळी ती डेटाबेसमधून पुन्हा वाचावी लागते आणि तेवढा उशीर होतो.

म्हणूनच प्रलंबित फेरफार किती आहेत, यावरून कॅशचा आकार ठरवणे चुकीचे ठरते. नोटिशीच्या मुदतीत पडून असलेल्या फेरफाराला मेमरीत जागा अडवण्याचे कारणच नसते. मुदत संपली किंवा हरकत दाखल झाली, की ते काम जागे होते आणि तेव्हा त्याची स्थिती वाचून घेतली तरी भागते. मोजायची असतात ती एकाच सुमारास जागी होणारी कामे. मात्र वापरात असलेली स्थिती बाहेर काढता येत नसल्याने, कॅश फारच लहान ठेवली तर सारी जागा अशाच स्थितींनी व्यापली जाऊन नव्या कामाला आत शिरता येत नाही.

दुसरा घोळ नगांच्या मोजणीत होतो. एक विकणारा आणि एक घेणारा असलेला फेरफार आणि तीन पिढ्यांच्या वाटणीतून आलेली चाळीस नावांची वारसनोंद हे दोन्ही ‘एक’च मोजले जातात, पण मेमरीत त्यांचे वजन सारखे नसते. त्यात टेम्पोरल आपली सर्व कामे शार्ड नावाच्या विभागांत वाटते, शार्डांची संख्या उभारणीच्या वेळीच कायमची ठरते, आणि कॅशची जुनी मर्यादा प्रत्येक शार्डामागे 512 नग अशी होती. समजा, 512 शार्ड 4 सर्व्हरांवर वाटले. म्हणजे एका सर्व्हरवर 128 शार्ड आणि जास्तीत जास्त 65,536 नग येतात. एका नगाला सरासरी 20 किलोबाइट लागत असतील तर कॅश सव्वा गिगाबाइटपर्यंत वाढू शकते, आणि सरासरी 100 किलोबाइटवर गेली तर सव्वासहा. आठ गिगाबाइटच्या यंत्रावर हेही कसेबसे निभते. परंतु चारांपैकी एक सर्व्हर बंद पडला की त्याचे शार्ड उरलेल्या तिघांवर येतात, तिथली कमाल मागणी आठ गिगाबाइटच्या पुढे जाते आणि एका बिघाडापाठोपाठ बाकीचेही कोसळू शकतात. पुढील आवृत्त्यांत संपूर्ण सर्व्हरसाठी एकच मर्यादा आणि ती नगांऐवजी बाइटमध्ये देण्याची सोय आली, ती याच दिशेची सुधारणा होय, आणि उपलब्ध असेल तिथे तीच निवडणे शहाणपणाचे.

आकडा ठरवल्यावरही मागितलेली स्थिती कितीदा कॅशमध्येच सापडली, प्रत्यक्ष मेमरी किती लागली आणि डेटाबेसवरील वाचनाचा भार किती, हे तिन्ही सोबत पाहावे लागते. मर्यादा दुप्पट करूनही सापडण्याचे प्रमाण जेमतेम हलत असेल, तर जादा मेमरी फुकट जाते. ही तपासणी खरिपाच्या तोंडावर, पीककर्जाचे बोजे चढवण्याची घाई असते त्या दिवसांत केलेली बरी. दिवाळीच्या सुट्टीत घेतलेल्या आकड्यांवरून जूनचा अंदाज बांधता येत नाही.