मँगनीजच्या गावी मँगनीजचा सेल

गेल्या मे महिन्यात आप्तांकडील एका लग्नाच्या निमित्ताने माझा पुतण्या सहकुटुंब बालाघाटला आला होता. तो बरीच वर्षे परदेशी असतो आणि सुटीच्या दिवशी गोल्फ खेळतो. त्याच्या सामानात मुठीत मावेल एवढी, दुर्बिणीसारखी दिसणारी एक वस्तू होती. तिच्यातून एखाद्या झाडाकडे पाहून कळ दाबली, की ते झाड किती अंतरावर आहे याचा आकडा डोळ्यासमोर उमटे. गोल्फच्या मैदानात ज्या होलमध्ये चेंडू घालावयाचा, तेथे ध्वज उभा असतो. तो किती दूर आहे हे कळले म्हणजे कोणती काठी हाती घ्यावी हे ठरविणे सोपे जाते. त्यासाठीच हा लेझर अंतरमापक. २०१९ पासून गोल्फच्या नियमांनी त्याच्या वापरास सर्वसाधारण मुभा दिली आहे. मात्र एखाद्या स्पर्धेला स्थानिक नियम करून तो वर्ज्य ठरविता येतो.

संध्याकाळी घरातील बालगोपाळांना घेऊन आम्ही वैनगंगेच्या काठी गेलो. पलीकडच्या तीरावरील झाडे किती दूर आहेत हे मोजण्यासाठी मुलांत चढाओढ लागली. पाच-सहा मोजण्या झाल्या आणि यंत्राने एकाएकी डोळे मिटले. पुतण्या चकित होऊन म्हणाला, "काका, काल नागपूरला उतरलो तेव्हा हा बॅटरी पूर्ण भरलेली दाखवीत होता!" काही वेळाने पुन्हा कळ दाबली, तर एक आकडा उमटला आणि पुनश्च अंधार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन पाहतो तो काय, आमच्या सौभाग्यवतींनी त्या यंत्रातील सेल कठड्यावर उन्हात ठेवलेला! मी लगबगीने तो उचलला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ट्रान्झिस्टरचे सेल आपण नव्हतो का उन्हात ठेवीत? तासभर तरी गाणी ऐकू येत."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्यांनी त्या काळी संसार केला, त्या प्रत्येक घरात हा प्रयोग झालेला आहे. आम्ही मुले तर त्याही पुढे जात असू. निकामी सेल दगडाने फोडून त्यातील कोळशाची कांडी काढावी आणि तिने भिंतीवर रेघोट्या ओढाव्यात, हा आमचा आवडता उद्योग असे. त्या खटाटोपात हात काळेकुट्ट होत. ती काळी भुकटी म्हणजे बव्हंशी मँगनीज डायऑक्साइड, हे तेव्हा आम्हांस कोण सांगणार? माझे वडील भरवेलीच्या खाणीच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या धोतराच्या काठाला जी काळी धूळ लागलेली असे, तिचेच हे नात्यातले द्रव्य, ही गोष्ट मला पुढे महाविद्यालयात कळली.

फ्रान्समधील जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ साली जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा घट सिद्ध केला. विजेरीतला जुना सेल हा त्याचाच कोरडा वंशज. त्याचे जस्ताचे भांडे झिजता झिजता इलेक्ट्रॉन देई आणि काळी भुकटी ते स्वीकारी. ही देवघेव चालण्यास आत ओलसर क्षारयुक्त लगदा असे. सेल उन्हात तापला, की आतील क्रिया थोडा वेळ जोमाने चाले आणि थकलेल्या सेलमधली उरलीसुरली वीज बाहेर येई. नवी वीज मात्र उन्हातून तिळभरही मिळत नसे.

पुतण्याच्या यंत्रातील सेल वेगळ्या घराण्याचा होता. चष्मा लावून त्यावरील अक्षरे वाचली: लिथियम, ३ व्होल्ट, सीआर २. यातील 'आर' हे अक्षर गोल आकाराचे निदर्शक आहे आणि 'सी' हे लिथियम व मँगनीज डायऑक्साइड यांच्या जोडीचे. म्हणजे जस्ताची जागा लिथियमने घेतली, पण मँगनीज आपल्या ठिकाणी कायम राहिले! लिथियमचे पाण्याशी हाडवैर असल्याने या सेलमध्ये पाण्याचा थेंब नसतो. त्याऐवजी सेंद्रिय द्रावक असतो. त्यामुळे जुना सेल दीड व्होल्ट देई, तेथे हा तीन व्होल्ट देतो, आणि थंड जागी नुसता ठेवला तर वर्षाकाठी आपल्या शक्तीचा जेमतेम शंभरावा भाग गमावतो.

मग तो असा अवचित का दगावला? याची कारणे तीन. पहिले कारण यंत्राच्या कामाच्या रीतीत आहे. अंतरमापक अदृश्य प्रकाशाची अतिसूक्ष्म लहर सोडतो आणि ती वस्तूवर आपटून परत येण्यास लागणारा वेळ मोजतो. दीडशे मीटरवरील ध्वजाकडे जाऊन परत येण्यास प्रकाशाला सेकंदाचा केवळ दहा लाखावा भाग लागतो. अशा लहरी सोडण्यासाठी सेलकडून विजेचे एकदम मोठे घोट मागितले जातात. घड्याळासारखा थेंब थेंब पिणारा हा ग्राहक नव्हे. वृद्ध सेलच्या अंगी शक्ती शिल्लक असली, तरी त्याचा अंतर्गत रोध वाढलेला असल्याने मोठा घोट मागताच त्याचा दाब कोसळतो आणि यंत्र बंद पडते. थोडी विसावा मिळाली की दाब पुन्हा चढतो. नदीकाठी आम्ही हेच पाहिले. कडाक्याच्या थंडीतही नेमके असेच घडते. म्हणून थंड मुलुखातले खेळाडू यंत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात.

दुसरे कारण त्या फसव्या निशाणीत आहे. जुना सेल हळूहळू मंदावे आणि विजेरीचा पिवळा पडत चाललेला प्रकाश आपणांस आगाऊ सूचना देई. हा नवा सेल मात्र बहुतेक आयुष्यभर जवळजवळ एकाच दाबाने चालतो आणि अखेरीस एकदम घसरतो. दाबावरून शिलकीचा अंदाज बांधणारी निशाणी त्यामुळे शेवटपर्यंत 'भरलेला' म्हणत राहते. तेव्हा तिच्यावर न विसंबता, सेल घातल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या पिशवीत ठेवावी हे उत्तम.

तिसरे कारण म्हणजे ऊन. आदल्या दिवशी नागपूरहून येताना मंडळी गोंदियाला जेवणासाठी थांबली होती आणि तेवढा वेळ यंत्र काचा लावलेल्या मोटारीत राहिले होते. आपल्याकडील मे महिन्यात अशा बंद मोटारीतील उष्णता ६० अंशांपलीकडे सहज जाते, आणि अशा सेलची सामान्य मर्यादा तेवढीच असते. उष्णतेने आतील अनिष्ट क्रिया वाढतात व न वापरताही आयुष्य सरते. फार तापल्यास लिथियमचा सेल फुटण्याचेही भय असते. जुन्या सेलला ऊन हे औषध वाटे. याला ते विष आहे.

हिशेबच मांडावयाचा तर असा. एका सेलवर पाच हजार मोजण्या होतात असे धरले आणि अठरा होलच्या एका खेळात पन्नास मोजण्या केल्या, तर शंभर खेळ निघावेत. महिन्यातून दोनदा खेळणाऱ्यास ते चार वर्षे पुरतील. एवढ्या दीर्घ मुदतीत सेल कामापेक्षा तापून, जुना होऊन किंवा कळ चुकून दाबली गेल्याने अधिक मरतात. म्हणून यंत्र महिनोन्‌महिने पडून राहणार असेल, तर सेल काढून ठेवावा, टोके कोरड्या कापडाने पुसावीत आणि जवळ एक राखीव सेल बाळगावा. त्याच मापाचे पुन्हा भरता येणारे सेलही मिळतात; पण त्यांचा दाब निराळा असू शकतो, म्हणून यंत्राच्या माहितीपत्रकात अनुज्ञा असल्याखेरीज ते घालू नयेत.

नवा सेल आणण्यासाठी मी पुतण्याला घेऊन बाजारात गेलो. तीन दुकाने हिंडलो. रुपयाच्या नाण्यासारखे चपटे 'सीआर २०३२' सेल जागोजाग मिळाले, पण 'सीआर २' कोठेही नव्हता. तेव्हा मला हसू आले. अरे, हे तर मँगनीजचे गाव! १८९६ साली मध्य प्रांतातील मँगनीज शोधण्यासाठी इंग्रज सिंडिकेट स्थापन झाली, तेव्हापासून या मुलुखाचा दगड जगभर जात आला आहे. येथील मँगनीजयुक्त खडकाला भूशास्त्रज्ञ फर्मर याने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असे नाव दिले. १९६२ साली सरकारी भागीदारीने 'मँगनीज ओअर (इंडिया)' ही कंपनी निघाली, १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली आणि आज 'मॉइल' या नावाने नागपूरहून तिचा कारभार चालतो. आमची भरवेली आशियातील मोठ्या भूमिगत मँगनीज खाणींत गणली जाते.

अर्थात भरवेलीचा दगड मुख्यतः पोलादाच्या कामी येतो. सेलसाठी लागणारे डायऑक्साइडचे खनिज सीमेपलीकडे, भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे निघते. तेथेच ते आम्लात विरघळवून, विजेच्या साहाय्याने अतिशुद्ध रूपात पुन्हा साठविण्याचा कारखानाही आहे. १८६७ साली बालाघाट जिल्हा झाला तो काही अंशी भंडाऱ्याचाच मुलूख तोडून, आणि १९५६ मध्ये प्रांतरचनेने दोघांची राज्ये वेगळी केली. सोयरिकी मात्र तशाच राहिल्या आणि भूगर्भातील शिरांनी तर ती सीमा कधीच ओळखली नाही.

त्या चपट्या सेलविषयी घरोघरच्या आयाबहिणींना एक कळकळीची सूचना करावीशी वाटते. खेळणी, वजनकाटे, मोटारीच्या किल्ल्या यांत तो असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मूल वरून हसतखेळत असले, तरी वाट पाहू नये आणि त्याला ओकारी काढावयास लावू नये. तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. जुना झालेला सेलही यास अपवाद नाही.

'सीआर २' अखेर लग्नास आलेल्या एका नातलगाने नागपूरहून आणून दिला. जुन्या सेलचे काय करावे, असे पुतण्याने विचारले. असे सेल चुलीत टाकू नयेत, फोडू नयेत, नदीकाठी फेकू नयेत. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. मी त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो एका डबीत घातला आणि म्हणालो, "नागपूरला तो स्वीकारणारे ठिकाण शोध. राखीव सेल मात्र विमानात हातातल्या पिशवीतच ठेव, मोठ्या सामानात घालू नकोस."

निघताना त्याने माझ्या टेबलावरचा, वडिलांनी कधीकाळी आणलेला काळा दगड हातात घेतला. लहानपणी तो त्याच दगडाने अक्रोड फोडीत असे. "काका, एवढासा दिसतो, पण किती जड आहे!" तो म्हणाला. मी म्हटले, "बाळा, तुझ्या आजोबांनी आयुष्यभर याचीच वजने वहीत लिहिली." त्याने दगड जपून जागेवर ठेवला आणि डबी खिशात घातली. या वेळी अंतरमापक मोटारीत न ठेवता त्याने तो गळ्यात अडकविला होता.