दात शिवशिवतात ते का?

पौषाच्या थंडीत रात्रभर घड्यात राहिलेले पाणी सकाळी तोंडात घेतले, की आमच्या लामत्याकडे पुष्कळांच्या दातांतून सणक निघते. 'कीड लागली,' असा निकाल वडीलधारी मंडळी देतात व लवंगेचे तेल शोधले जाते. पुष्कळदा कीड नसतेच. हिरडीलगत नखाने हळूच चाचपावे. तेथे चाकूने काढल्यासारखी आडवी खाच लागते. दाताची मान झिजलेली असते.

दाताचे वरचे कवच, ज्यास इनॅमल म्हणतात, ते मानवी देहातील सर्वांत कठीण द्रव्य होय. परंतु हिरडीपाशी त्याचा थर अगदी पातळ होतो, आणि हिरडी मागे सरली की मूळच उघडे पडते. कवचाखालील दंतिनात अतिसूक्ष्म नलिका असून त्यांत द्रव असतो. गार पाणी वा वारा लागताच तो हलतो आणि आतील मज्जातंतू चेततात. स्वीडनचे ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात पुढे आणलेली ही उपपत्ती आजही सर्वाधिक मानली जाते.

झीज होते कशाने? अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खरा अपराधी नुसत्या ब्रशाहून त्यावरची खरखरीत पूड ठरली. हे वाचून आम्हांस आपल्या घरांतील राखुंडी आठवली. महाराष्ट्र सोडून पिढ्या लोटल्या, पण राखुंडी आणि मिश्री आपण सोबत आणल्या. छत्तीसगडच्या शेजाराने गुडाखूची भर पडली. जितके करकरून घासावे तितके दात स्वच्छ, हा समजही तसाच टिकला. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीस कायदा कोठून अडविणार! तिच्यामागे मुखाच्या कर्करोगाचे भय आहे ते निराळेच. आंबटानेही कवच मऊ पडते. म्हणून चिंच-कैरी खाल्ल्यावर लगेच दात न घासता नुसती चूळ भरावी.

झिजलेले कवच पुन्हा येत नाही. तथापि एवढ्यासाठी दात उपटून टाकणे आम्हांस अविचाराचे वाटते. मऊ ब्रश, हलका हात आणि पोटॅशियम नायट्रेटयुक्त पेस्ट यांनी काही आठवड्यांत बहुधा उतार पडतो. खाच खोल असल्यास दंतवैद्य ती भरून देतात. मात्र कळ आपोआप उठत असेल, रेंगाळत असेल, वा रात्री दात ठणकत असेल, तर आत कीड वा तडा असण्याचा संभव असतो. तेव्हा लवंगेच्या तेलावर दिवस काढू नयेत.