ओळीच्या सुरुवातीला १, ०, + कशासाठी? जुन्या प्रिंटरची भाषा आणि ती बदलणारी 'सेड' स्क्रिप्ट

मेनफ्रेम कॉम्प्युटरच्या काळातला एखादा रिपोर्ट आज लॅपटॉपवर उघडला, की एक गोष्ट लगेच खटकते. ओळींच्या सुरुवातीला कुठे १, कुठे ०, तर कुठे अधिकचं चिन्ह दिसतं. फाइल खराब झालेली नसते. हे प्रिंटरला दिलेले हुकूम असतात.

हुकूम कसले?

आयबीएमचा १४०३ हा लाइन प्रिंटर १९५९ मध्ये आला. अशा प्रिंटरसाठी फोरट्रॅनचे प्रोग्राम ओळीतलं पहिलं अक्षर राखून ठेवायचे. ते छापलं जात नसे, कागद किती सरकवायचा एवढंच सांगायचं.

- रिकामी जागा: पुढच्या ओळीवर जा
- ०: मध्ये एक ओळ सोडा
- उणे: दोन ओळी सोडा
- १: नवं पान
- अधिक: कागद हलवू नका, त्याच ओळीवर पुन्हा छापा (शब्द ठळक किंवा अधोरेखित करण्यासाठी)

फोरट्रॅनच्या २००३ च्या मानकातून हा नियम वगळला गेला. जुन्या फाइल्स मात्र उरल्याच.

सेड काय करतो?

सेड हा युनिक्सवरचा स्ट्रीम एडिटर. बेल लॅब्समध्ये ली मॅकमहन यांनी तो १९७० च्या दशकात तयार केला. तो एकेक ओळ वाचतो, नियम लावतो आणि पुढे सोडतो. सुरुवातीला १ दिसला तर त्या जागी पान बदलण्याचं चिन्ह, ० दिसलं तर एक कोरी ओळ, असे नियम स्क्रिप्टमध्ये लिहायचे.

'अधिक'चं प्रकरण जरा वेगळं. ती ओळ आधीच्या ओळीला जोडायची असते. म्हणून सेडला पुढची ओळही सोबत वाचायला सांगावं लागतं. हे काम सगळ्यात आधी उरकतात.

खरा धोका कुठे?

नियमांच्या क्रमात. समजा, ओळीत आधी रिकामी जागा आहे आणि मग १०० हा आकडा. रिकामी जागा काढण्याचा नियम आधी लावला, तर ओळ १ ने सुरू होते. पुढचा नियम त्या १ ला हुकूम समजतो. नवं पान सुरू होतं आणि आकडा उरतो ००! स्क्रीनवर एररही येत नाही. हिशेबाच्या किंवा संशोधनाच्या फाइलमध्ये ही चूक महागात पडू शकते.

उपाय सोपा आहे: रिकामी जागा काढण्याचा नियम सगळ्यात शेवटी ठेवायचा, मूळ फाइल जपायची आणि दोन्हींतले आकडे एकदा ताडून पाहायचे.