घर बांधताना हवेचाही हिशेब मांडा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे म्हणतात ते खोटे नाही. घर बांधायला निघालेले कुटुंब विटा, सळया, सिमेंट, मजुरी यांचा पै-पैचा हिशेब ठेवते. पण या बांधकामापायी हवेत किती कार्बन डायऑक्साइड मिसळतो, हे त्या वहीत कुणीच लिहीत नाही. पृथ्वीला ताप आणणारा वायू तो हाच!

सिमेंटचेच पाहा. चुनखडी आणि माती सुमारे 1450 अंश सेल्सिअसला भाजली की क्लिंकर नावाचे टणक गोळे तयार होतात. ते दळले की सिमेंट. भट्टीत कोळसा जळतो, त्याचा धूर होतोच. पण तापलेल्या चुनखडीतून निघणारा वायू त्याहूनही जास्त असतो. म्हणूनच जगातील कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटमुळे येतो. सिमेंटच्या उत्पादनात चीनखालोखाल आपला भारत आहे.

यावर उपाय काय? क्लिंकर कमी वापरणे. 'पीपीसी' छापलेल्या पोत्यात औष्णिक वीजकेंद्रातील राख 15 ते 35 टक्के मिसळलेली असते. "हे सिमेंट कच्चे," असे गवंडी म्हणाला तर घाबरू नका. ते ताकद सावकाश धरते, इतकेच. मात्र त्यावर किमान 10 दिवस, शक्यतो 14 दिवस पाणी मारायला हवे. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या सिमेंटवर दिल्ली व मद्रासच्या आयआयटींनी काम केले. 2023 मध्ये त्यासाठी भारतीय मानकही ठरले.

मुळात सामानच कमी लागले तर? केरळात लॉरी बेकर या वास्तुशिल्पकाराने हेच करून दाखवले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या आणि मध्ये पोकळी सोडायची. अशा भिंतीला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात, शिवाय पोकळीतील हवेमुळे खोली थंड राहते. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीटला फारसा भार पेलावा लागत नाही, म्हणून तिथे ते जुनी कौले बसवत. अर्थात, हे काम जाणकार अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे.

घर उभे राहिले तरी हिशेब संपत नाही, कारण पंखा, एसी चालतात ते बहुतांशी कोळशाच्या विजेवर. गच्चीला पांढरा थर द्या, पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा काढा. एसी 24 अंशांवर ठेवा. दर एका अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते.

एसी उद्या बदलता येईल, भिंत आणि स्लॅब मात्र नाही. ती नातवंडांच्या काळातही तशीच राहणार. म्हणून पायाचा नारळ फोडण्यापूर्वीच अभियंत्यासमोर हा हिशेब मांडा.